देठाकडची फोड

मला चव कळत नाही. वासही येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं लफडं त्यातूनच झालं.

आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कंपनीत मी ड्रम धुवायला होतो. ड्रमात काय होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सुरुवातीला घरी आलो की नाक चुरचुरायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. मग ते थांबलं. मला वाटलं, झाली सवय. सवय कसली, नाकच मेलं होतं. कधीतरी जेवताना लक्षात आलं की सुका बोंबील आणि बटाटा तोंडात सारखेच. एक चिवट, एक मऊ, एवढाच फरक. तिखट झोंबतं, गरम भाजतं, ते कळतं. बाकी आनंद.

बायकोला मी हे सांगितलं नाही. का नाही, तर ती स्वयंपाकात जीव असलेली बाई. माझ्यापुढे ताट ठेवायची आणि पहिला घास गिळेपर्यंत हलायची नाही. तिला काय सांगू, की तू घातलेली फोडणी काय आणि कंपनीच्या कॅन्टीनचं पाणी काय, मला सगळं एकच? नाही सांगवलं. मी म्हणायचो, चांगलं झालंय. पहिल्यांदा म्हटलं ते तिच्यासाठी. मग म्हणतच राहिलो. वीस-बावीस वर्षं झाली असतील.

बेलवलीच्या पुढे नदीच्या अंगाला आमची वस्ती. वस्तीला लागून सातवीपर्यंतची शाळा. तिथे ती पोरांचं दुपारचं जेवण शिजवायला होती. ती आणि अजून एक बाई, तिच्यापेक्षा बरीच लहान. पोरं दोघींनाही मावशी म्हणायची. ही लहान बाई माझ्या बायकोला ताई म्हणायची, म्हणून मला भाऊजी.

शाळेत तांदूळ-डाळ सरकारची येते. कुठल्या मुलखात पिकते, किती गोदामं फिरून येते, कुणाला ठाऊक. भाजी मात्र जवळपासून घ्यायची असते. आधी ती जवळपासची भाजी म्हणजे अंबरनाथ पूर्वेच्या मार्केटातून येणारा एक कोबी आणि चार बटाटे. शंभर पोरांत एक कोबी. खिचडीत दिसला तर दिसला. बायको म्हणायची, पोरं पिवळा भात खाऊन पिवळी पडलीत. घरी तरी काय, सकाळी चहा-खारी, संध्याकाळी पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट.

आमच्या घरामागे दोन गुंठे जागा आहे, वडिलांपासूनची. आता तिन्ही बाजूंनी टॉवर उभे राहिलेत, दुपारी दोननंतर उन्ह मिळत नाही. पण माती चांगली. तिने तिथे माठ, अळू, लाल भोपळा, दुधी असं काय काय लावलं. शेवग्याचं झाड तर आधीचंच. सकाळी शाळेत जाताना पाला ओरबाडून न्यायची. हिरवं दिसलं की पोरं बोटानं बाजूला काढतात, म्हणून पाला वाटून डाळीतच टाकायची. मुख्याध्यापक बाईंना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, डाळ अशी काळपट का? ही म्हणाली, ताकद दिसतेय त्यात.

मी रिटायर झाल्यावर पिशवी उचलायचं काम माझं झालं. ती पुढे जाऊन डाळ चढवायची, मी मागून भाजी घेऊन.

दुधीच्या बाबतीत तिचा एक कायदा होता. ज्यानं आणला त्यानं आधी चाखायचा, तोही शिजवणाऱ्याच्या समोर. देठाकडची एक फोड कापायची, कच्ची चावायची. दुधी कडू असला तर देठाशी लगेच कळतो. कडू दुधी नुसता वाईट लागत नाही, पोटात गेला तर धडधाकट माणसाला आडवा करतो. घरी एकजण खाईल आणि निस्तरेल, शाळेत शंभर पोरं एका पातेल्यातून खातात. म्हणून कायदा. दुसरं म्हणजे उकिरड्यावर आपला आपण उगवलेला वेल ती दिसला की उपटायची. त्याचं बी कुठलं, कशाच्या शेजारी धरलेलं, सांगता येत नाही. असले वेल कडू निघतात.

तर मी पिशवी घेऊन शाळेच्या मागच्या दाराशी उभा राहायचो. ती फोड कापून द्यायची, मी चावायचो, मान हलवायचो. गोड आहे. मग ती किसायला घ्यायची. मला जिभेवर ओल्या लाकडासारखं काहीतरी लागायचं, बस. पण ती स्वतः लावलेलं, स्वतः बी राखलेलं. कडू निघायचं कारणच नव्हतं. म्हणून मला त्यात कधी गैर वाटलं नाही.

गेल्या माघात ती गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली. रिक्षातून उल्हासनगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. रिक्षात माझ्या मांडीवर हात ठेवून काहीतरी बोलली, ते रस्त्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. काय बोलली असेल, याचा विचार मी आता करत नाही. खोटं कशाला बोलू, करतो.

पुण्यानुमोदनाला वस्ती जमली, विहारातली माणसं आली. मुलगी नाशिकहून आली, पंधरा दिवस राहिली, चल म्हणाली. मी नाही म्हटलं. मुलगी परत गेल्यावर मी भात शिजवायचो आणि दुधात कालवून खायचो. जिभेला तसाही फरक पडणार नव्हता. पण घास फिरायचा. चव नसताना मी इतकी वर्षं काय जेवत होतो, ते तेव्हा कळलं. कुणीतरी उभं राहून बघतंय, ते जेवत होतो.

जूनमध्ये शाळा उघडली. तिच्या जागी अजून कुणाला घेतलं नव्हतं, लहान बाई एकटीच राबत होती. एक दिवस दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "भाऊजी, ताईंच्या वाफ्यात माठ माजलाय. पोरांना द्यायचा की तुमच्यासारखाच वाळवून टाकायचा?"

तोंडाची फटकळ आहे बाई. मला ते बरं वाटलं. बाकीचे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा पिशवी उचलली. सकाळी पाणी घालायचं, काढायचं, धुवायचं, शाळेत न्यायचं. तिथे थांबायचं कारण नव्हतं, तरी मी पोरं जेवेपर्यंत थांबायचो. भिंतीशी उकिडवा बसून बघायचो. पोरं मला मावशीवाले आजोबा म्हणायला लागली. दुसरीतली एक पोरगी रोज येऊन विचारायची, आजोबा, आज हिरवं आहे का? मी म्हणायचो, आहे. की ती गंभीर तोंड करून म्हणायची, मग माझा आज उपवास. आणि दोनदा घ्यायची.

दिवसभरात माणूस माझ्याशी बोलायचं ते एवढंच. घरी आलो की टॉवरमधल्या मिक्सरचे आवाज, आणि मी.

कायदा तसाच चालू राहिला. दुधी नेला की लहान बाई फोड कापून पुढे करायची. मी चावायचो, मान हलवायचो. ताईंचा माणूस म्हणतोय म्हणजे गोडच, असं तिला वाटत असेल, असं मला वाटायचं. मनात एकदा आलं होतं, सांगून टाकावं. पण सांगितलं असतं तर, आजोबा, उद्यापासून राहू द्या, हेच ऐकायचं होतं ना. नाही सांगितलं.

त्या पावसात उकिरड्यावर एक दुधीचा वेल आला. आपला आपण. मी विळा घेऊन गेलो होतो, खरंच गेलो होतो. पण तिथे भाजीची सालं, बिया बायको टाकायची. तिच्या हातून पडलेलंच बी असणार, असं डोक्यात बसलं. पाखरानं टाकलेलं असू शकतं, कुठल्यातरी नर्सरीच्या मातीतून आलेलं असू शकतं. एवढी अक्कल मला आहे. तरी विळा खाली ठेवला. वेलाला काठी दिली. इतर वेलांना दिलं नाही तेवढं पाणी त्याला दिलं. भाद्रपदात त्याला दोन दुधी धरले, हातभर लांब, कोवळे, एकदम देखणे.

ते दोन आणि तिच्या वेलाचे दोन, असे चार दुधी मी शाळेत नेले.

त्या दिवशी शाळेत गॅस संपला होता. सिलिंडर उशिरा आला आणि बाईची धावपळ उडाली होती. तिने घाईत चारही दुधींच्या फोडी कापून हातावर ठेवल्या. मी चारही चावल्या. म्हटलं, गोड आहेत. ती किसायला बसली.

पोरांना वाढण्याआधी जेवण चाखायची शाळेत पद्धत आहे. शिजवणारी बाई, मोठ्या बाई आणि पाळीपाळीनं येणारी एका पोराची आई, तिघींनी चाखायचं आणि वहीत सही करायची. त्या दिवशी बाईनं पहिला घास घेतला आणि मोरीत जाऊन थुंकली. मोठ्या बाईंनी जिभेला बोट लावलं नि तोंड वाकडं केलं. ती आई ओरडली की ह्यात काय घातलंय, साबण घातलाय काय.

अख्खं पातेलं मागच्या खड्ड्यात ओतलं. पोरं ताटं घेऊन ओळीत बसली होती. त्यांना नुसता भात आणि गूळ वाढला. उपवासवाली पोरगी भाताकडे बघत बसली होती.

मोठ्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही चाखला होता ना?"

मी म्हटलं, "हो. तेव्हा गोड होता."

हे मी बोललो. माझ्याच तोंडानं. त्याचा अर्थ काय होतो, ते बोलून झाल्यावर कळलं. दुधी दारात आला तेव्हा गोड होता, म्हणजे कडू झाला तो पातेल्यात. पातेलं कुणाचं, तर बाईचं. मी तिच्याकडे बघितलं. फटकळ बाई, तिने एक शब्द काढला नाही. पातेलं घासायला घेतलं.

घरी आलो. उकिरड्यावरच्या वेलाला एक शेंडेफळ राहिलं होतं, मुठीएवढं. ते तोडलं आणि उभ्यानं देठापासून चावून खाल्लं. काही नाही. पाणी. म्हटलं, बघ, मग दुधीचा दोष नाही, बाईनंच काहीतरी घोळ केला. तासाभरात पोटात पीळ पडला. उलट्या, जुलाब, अंगाला दरदरून घाम. संडासापर्यंत जायची ताकद राहिली नाही. जिभेनं जे सांगितलं नाही ते आतड्यानं सांगितलं. दोन दिवस मी खाटेवर पडून होतो. त्या दोन दिवसांत दार कुणी वाजवलं नाही. वाजवणार कोण?

पडल्या पडल्या एकच दिसायचं. मी एवढा थोराड माणूस, मुठीएवढ्या फळानं असा झालो. ती सहा-सात वर्षांची पोरं. बाईनं आधी घास घेतला नसता तर?

तिसऱ्या दिवशी भिंत धरत शाळेकडे गेलो. चुलीपाशी दुसरीच बाई होती, मोठ्या बाईंच्या ओळखीची, चार दिवसांपुरती आणलेली. तिला विचारलं. ती म्हणाली की आधीच्या बाईला घरी बसवलंय, शनिवारी पालकांच्या कमिटीची मीटिंग आहे, त्यात ठरेल. बहुतेक काढतील. त्या आईनं लेखी तक्रार दिलीय, भांडी साबणानं धुऊन विसळली नाहीत म्हणून.

बाईचा नवरा घरात पडून असतो, तिच्यावर घर आहे, हे मला ठाऊक होतं. शनिवारपर्यंत मध्ये दोन दिवस होते. मी त्या दोन दिवसांत सांगायला गेलो नाही. तेही लिहितो. रोज सकाळी शर्ट घातला आणि रोज काढला.

शनिवारी गेलो. चौथीच्या वर्गात मीटिंग होती. सगळी मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बाई कोपऱ्यात उभी. अध्यक्ष म्हणजे एका पोराचा बाप, मंत्रालयाच्या बाजूला कुठल्याशा ऑफिसात जातो, इस्त्रीचा माणूस. मी हात वर केला, शाळेत करायचो तसा.

म्हटलं, "दुधी माझा होता. कडू होता. बाईची चूक नाही. मला चव कळत नाही."

अध्यक्ष म्हणाला, "सर्दी होती का त्या दिवशी?"

"कंपनीत होतो तेव्हापासून चव नाही."

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसला नाही. म्हणाला, "काका, मग इतके दिवस चाखून मान कशाला हलवत होता?"

"सांगितलं असतं तर तुम्ही येऊ दिलं असतं काय?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. मी उकिरड्याच्या वेलाचं सांगितलं, उलट्यांचं सांगितलं. दोन गुंठ्यांत काय काय लावलंय तेही उगाच सांगत बसलो. थांबवलं त्यांनी.

तेव्हा कोपऱ्यातून बाई म्हणाली, "मला माहीत होतं."

सगळे तिच्याकडे वळले. मीही.

ती म्हणाली की भाऊजींना चव नाही हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे, ताईंनीच सांगितलं होतं. त्यांची मान हलली की ताई पाठ वळवून दुसरी फोड स्वतः चाखायच्या. ताई गेल्यावर तीही तेच करत होती. त्या दिवशी गॅसच्या भानगडीत राहून गेलं. म्हणून ती गप्प बसली. चूक तिचीच, भाऊजींच्या मानेवर कधी काही शिजलंच नव्हतं.

मीटिंगमध्ये मग बरंच बोलणं झालं, ते माझ्या कानात शिरलं नाही. निकाल एवढाच लागला की बाईला ठेवायचं, समज द्यायची. माझ्या वाफ्यातली भाजी पोरांना मानवते, ती बंद करायची नाही. पण मी ती आणायची नाही. बाईनं स्वतः येऊन काढायची, तिथेच चाखायची आणि न्यायची. मी शाळेच्या चुलीपाशी यायचं नाही. अध्यक्ष म्हणाला, काका, राग मानू नका. मी म्हटलं, बरोबर आहे. बरोबरच आहे. मी त्याच्या जागी असतो तर वाफाही बंद केला असता.

बाहेर व्हरांड्यात बाईला गाठलं. विचारलं, तुमच्या ताईला कधी कळलं?

बाई पायात चप्पल अडकवत होती. म्हणाली, "तुमच्या आमटीत एकदा मिठाऐवजी साखर पडली. तुम्ही दोन वाट्या प्यायलात आणि म्हणालात, चांगली झालीय. ताई इथे येऊन तांदळाच्या डब्यावर बसल्या आणि पोट धरून हसल्या. मग रडल्या."

"मला बोलली का नाही?"

"मी पण हेच विचारलं. म्हणाल्या, त्यांना वाटतंय मी फसलेय. वाटू दे की बिचाऱ्यांना."

बिचाऱ्यांना. हा शब्द मी घरी आणला आणि अजून ठेवायला जागा मिळालेली नाही. ती ताट ठेवून उभी राहायची, मी चांगलं झालंय म्हणायचो, आणि ती ठरवून ऐकून घ्यायची. दोघंही खोटं. मग ती उभी का राहायची? काय बघायची? विचारायला माणूस नाही. कधीकधी मला तिचा राग येतो. बावीस वर्षं तिनं मला एकट्याला खोटं बोलू दिलं. एकदा तरी म्हणायचं होतं, अहो, आमटी गोड झालीय. भांडलो असतो, हसलो असतो. आता मी कुणाशी भांडू.

उकिरड्याचा वेल मी मीटिंगहून आल्यावर उपटला. मुळं खोल गेली होती, कंबर धरली.

आता बाई मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी येते. मी आधीच पाणी घालून ठेवतो, पिकलेली पानं काढून ठेवतो, तिला चिखल लागू नये म्हणून वाफ्यात फरशीचे तुकडे टाकलेत. ती दहा मिनिटांत पिशवी भरते. दुधी असला तर जागेवर चावते, गोड आहे म्हणते, निघते. चहा घ्या म्हटलं तर म्हणते, भाऊजी, डाळ चढवायचीय. खरंच चढवायची असते. बायकोच्या जागी अजून दुसरी कुणी आलेली नाही.

पोरं विचारतात म्हणे, मावशीवाले आजोबा आजारी आहेत का? बाईनं सांगितलंय, शेतावर असतात. दोन गुंठ्याला शेत म्हणाली.

दुपारी पोरं जेवायला बसली की स्टीलच्या ताटांचा खडखडाट आमच्या घरामागच्या पायरीपर्यंत येतो. मी माझा भात घेऊन तेव्हाच पायरीवर बसतो. वारा नदीकडे वाहत असला की काही ऐकू येत नाही. मग घड्याळ बघून जेवतो.